मे महिन्यात नागपुरात स्लॅब टाकायचा का? टाका, पण सकाळी नऊला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेसा साइडला घराचं काम सुरू आहे, पहिल्या मजल्याचा स्लॅब, साधारण ११०० स्क्वेअर फूट, सेंट्रिंग म्हणजे खालचा साचा आणि टेकू लावून झाले, लोहा बांधून झाला, आणि ठेकेदार म्हणून राहिला की मंगळवारी सकाळी नऊला मिक्सर लावतो, संध्याकाळपर्यंत मोकळे. बाहेर पारा ४५. सासरे म्हणतात मृग लागू द्या मग पाहू. शेजारच्यांच्या स्लॅबला पहिल्याच दिवशी भेगा पडल्या म्हणून घरचे सगळे धास्तावलेले. तर टाकू का थांबू, आणि टाकला तर भेगा कशा टाळायच्या.

दादा, मी २४ वर्षं नागपूर, बुटीबोरी, उमरेड या पट्ट्यातच स्लॅब टाकत आलोय, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या भाजणाऱ्या नऊ दिवसांतसुद्धा टाकलेत. उत्तर हो आहे, मे महिन्यात स्लॅब चांगला होतो. पण सकाळी नऊला सुरू करायचा नाही, आणि पाण्यावर दोन ठिकाणी पहारा ठेवायचा. एक म्हणजे मिक्सरमध्ये जास्तीचं पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि दुसरं, टाकलेल्या स्लॅबमधलं पाणी वर हवेत उडू द्यायचं नाही. उन्हाळ्यात स्लॅब बिघडतो तो या दोनपैकी एका कारणाने, बहुतेक वेळा दोन्हींनी.

आधी उडणाऱ्या पाण्याचं सांगतो कारण शेजाऱ्यांच्या भेगा त्याच्याच वाटतात. ताज्या काँक्रीटवरून तासाला किती पाणी उडतं ते काढायचं एक साधं गणित आहे, त्यात चार गोष्टी लागतात, मालाचं म्हणजे काँक्रीटचं तापमान, हवेचं तापमान, हवेतला ओलावा आणि वारा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवा ४४, ओलावा १५ टक्के, माल ४० डिग्री, आणि गरम वारा १५ किलोमीटरचा धरला तर एका चौरस मीटरवरून तासाला जवळपास २ लिटर पाणी उडायची ताकद त्या हवेत असते. तुमचा स्लॅब १०२ चौरस मीटर होतो. म्हणजे तासाला २०० लिटर, तो जो निळा प्लास्टिकचा ड्रम असतो ना, तो पूर्ण एक ड्रम, दर तासाला. आता हेच संध्याकाळी सातनंतर पाहा, हवा ३६, ओलावा ३० टक्के, माल ३४, वारा ८ किलोमीटरवर उतरलेला, तर तोच आकडा ०.८ च्या आसपास येतो. आणि १ लिटरच्या वर गेलं की भेगांचा धोका असं साधारण मानतात. त्याच स्लॅबचं, त्याच सिमेंटचं, फक्त वेळ बदलल्याने नुकसान अर्ध्याहून कमी होतं, एक रुपया जास्त न लागता. म्हणून मी घड्याळावर इतका जोर देतो.

आता पुष्कळ लोक म्हणतात पहाटे पाचला सुरू करा, तेव्हा सगळ्यात थंड. ऐकायला बरोबर वाटतं पण विचार करून पाहा, पाचला सुरू केलं तर साइट मिक्सरवर काम दुपारी एकपर्यंत जातं, आणि शेवटचा माल पडतो तो बरोबर डोक्यावरच्या उन्हात. सकाळी सहाला टाकलेला भागही दहा-अकरा वाजता नाजूक अवस्थेतच असतो आणि तेव्हाच ऊन चढतं. त्यापेक्षा संध्याकाळी साडेपाच-सहाला सुरू करा. सूर्य उतरलेला असतो, पुढचे बारा-तेरा तास कडक ऊन नाही, काँक्रीट रात्रभर शांतपणे सेट होतं आणि सकाळी ऊन यायच्या आधी तुम्ही त्यावर पाणी उभं करू शकता. अडचण एकच, रात्री दहानंतर वस्तीत मिक्सरचा आवाज चालत नाही, आणि चालवूही नये, शेजारी लहान लेकरं असतात. ११०० फुटांचा पाच इंची स्लॅब आणि बीम धरून १७ घनमीटरच्या आसपास माल लागेल, सहा ब्रास म्हणा, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तो एका साइट मिक्सर आणि लिफ्टवर आठ-नऊ तास खातो. म्हणून उन्हाळ्यात तुमच्यासारख्या कामाला मी रेडिमिक्स, म्हणजे प्लांटवर तयार होऊन गाडीने येणारं काँक्रीट, आणि पंपच घ्या म्हणतो, तीन गाड्या, साडेतीन-चार तास, दहाच्या आत आटोपतं. थोडं महाग पडेल पण मे महिन्यात ते पैसे वसूल आहेत.

हे मी पुस्तकातून नाही सांगत. २००६ चा मे, वाडी साइडचा एक स्लॅब, मी नवीन साइट इंजिनिअर होतो, सकाळी आठला सुरू केलं. पूर्वेकडचा भाग अकरापर्यंत फिनिश झाला, मस्त दिसत होता, सगळे जेवायला सावलीत उतरलो. पाऊण तासाने वर गेलो तर त्या भागावर तिरप्या भेगा, एकमेकींना समांतर, दीड-दोन फुटांवर एकेक, पोस्टकार्डाची कड आत जाईल इतक्या रुंद. त्याआधी वर कोणी पाय ठेवला नव्हता, वजन पडलं नव्हतं, सेंट्रिंग हललं नव्हतं. नुसत्या हवेने केलं ते. मिस्त्रीने घाईघाईने कोरडं सिमेंट भुरभुरलं, वरून पाणी शिंपडलं, गुरमाळा म्हणजे गुळगुळीत करायची थापी फिरवली आणि भेगा दिसेनाशा झाल्या. मला वाटलं सुटलो. तिसऱ्या पावसाळ्यात त्याच रेघांतून खालच्या खोलीत पाणी उतरलं, खरवडून पाहिलं तर आतला लोहा तांबडा झालेला. मालकाला तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती. तेव्हापासून पहिले तीन तास मी स्लॅब सोडून जेवायलासुद्धा जात नाही.

अशा भेगा माल ओला असतानाच दिसल्या तर उपाय आहे. लाकडी रंध्याने, म्हणजे माल सपाट करायच्या लाकडी थापीने, किंवा फळीच्या तुकड्याने तिथे ठोकून, दाबून माल परत एकजीव करायचा म्हणजे भेग खोलपर्यंत बंद होते, नुसती वरून लिंपायची नाही, आणि लगेच झाकायचं. कोरडं सिमेंट आणि पाण्याचा शिडकावा कधीच नाही, त्याने फक्त वर एक कमजोर पापुद्रा तयार होतो जो पुढच्या वर्षी पोपड्यासारखा निघतो.

आता दुसरं पाणी, मिक्सरमधलं. गरमीत माल लवकर घट्ट होतो, मग पंपवाला ओरडतो, मिस्त्री ओरडतो, आणि कोणीतरी पाइप उघडतो. एका बॅगला २५ लिटर पाणी हिशोबाचं असेल आणि पाच लिटर वाढवलं तर ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने पडते. पाच लिटर म्हणजे किती, अर्धी बादलीसुद्धा नाही. एम २५ ताकदीच्या काँक्रीटचे पैसे देऊन तुम्ही त्याहून कमजोर एम २० घरी आणता. त्यामुळे ट्रान्झिट मिक्सरच्या, म्हणजे रेडिमिक्स आणणाऱ्या गाडीच्या, ड्रायव्हरला आधीच हात जोडून सांगा की बाबा पाणी तुझ्या हाताने नाही. माल मऊ पाहिजे असेल तर प्लांटच्या माणसाने प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल मऊ करणारं रसायन, घालायचं, तेही मोजून. ऑर्डर देतानाच प्लांटला सांगा की रिटार्डर, म्हणजे सेट होणं लांबवणारं रसायन, असलेलं डिझाइन पाहिजे, साइटवर स्लंप, म्हणजे मालाच्या पातळपणाचं माप, १०० ते १२० मिलिमीटर पाहिजे, आणि गाडीसोबतच्या पावतीवर माल भरल्याची वेळ लिहा. भरल्यापासून दोन तासांच्या आत गाडी रिकामी झाली पाहिजे, हा रेडिमिक्सच्या कोडचाच, म्हणजे भारतीय मानकाचाच, नियम आहे. वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकून अडीच तासांनी आली आणि ड्रायव्हरने पाणी मारून पातळ केली असेल तर परत पाठवा, वाईट वाटून घेऊ नका.

माल थंड कसा ठेवायचा यावर लोक बर्फ बर्फ करतात, बर्फ चांगलाच आहे, पण आधी गिट्टी पाहा. एका घनमीटरमध्ये सिमेंट साधारण ३४० किलो, पाणी १७० लिटर, आणि रेती-गिट्टी मिळून १८५० किलो. सगळं वजन गिट्टीतच आहे. गिट्टी आणि सिमेंट ४५ डिग्री, टाकीतलं पाणी ४० डिग्री असेल तर मिक्स होताच माल ४३-४४ वर जातो, आणि आयएस ७८६१ हा जो गरम हवेतल्या काँक्रीटचा कोड आहे तो म्हणतो टाकताना माल ४० च्या वर नको. म्हणजे सुरुवातच नियमाबाहेर. फक्त पाणी २५ वर आणलं तर माल ४० च्या जवळ येतो. आणि सोबत रेती-गिट्टी ३५ वर आणली तर सरळ ३३-३४. गिट्टी थंड करायची कशी, तर आपल्या घरच्या कुलरचंच तत्त्व, नागपूरच्या कोरड्या हवेत ओली वस्तू पटकन थंड होते. ढिगावर हिरवी जाळी किंवा ताडपत्री उंचावर बांधून सावली करा, आणि दुपारपासून थोडं थोडं पाणी शिंपडत राहा. याचा दुसरा फायदा असा की तापलेली कोरडी गिट्टी मिक्सरमध्ये गेल्यावर मालातलं पाणी शोषते आणि माल अचानक घट्ट होतो, ते थांबतं. फक्त एवढं लक्षात ठेवा, गिट्टी-रेतीत जेवढं जास्तीचं पाणी असेल तेवढं मिक्सरमधलं कमी करायचं, नाहीतर पुन्हा तोच पातळ माल.

साइट मिक्सरवरच करणार असाल तर काळ्या सिंटेक्समधलं गच्चीवर तापलेलं पाणी वापरू नका. ड्रम सावलीत ठेवा, भोवती ओली पोती गुंडाळा, आणि बर्फाच्या लाद्या फोडून ड्रममध्येच विरघळवा. बर्फाचा तुकडा मिक्सरमध्ये तसाच राहिला तर नंतर तिथे पोकळी राहते. पाण्यातले ४० किलो काढून तेवढा बर्फ घातला तर एका घनमीटरचं तापमान साधारण ६ डिग्रीने उतरतं, इतकी त्याची ताकद आहे. मोठ्या सिमेंट रोडच्या कामावर म्हणूनच प्लांटला बर्फाची सोय लागते.

सेंट्रिंगच्या प्लेटा आणि लोहा विसरू नका. दुपारी चारला सळाखीला हात लावून पाहा, चटका बसतो, आणि त्यावर माल टाकला की सळाखीला चिकटणारा पहिला थरच भाजून निघतो, भाकरी तापलेल्या तव्यावर टाकली की बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते तसं. पाच वाजल्यापासून दोन-तीनदा पाणी मारा, हात ठेवून पाहा, आणि माल यायच्या आधी प्लेटांवर साचलेलं पाणी फडक्याने पुसून काढा. ओलं पाहिजे, डबकं नको.

टाकताना पट्टा अरुंद ठेवा. लांब बाजूने सुरू केलं की दुसऱ्या ओळीवर परत यायला तास लागतो आणि तोवर आधीची कड वाळलेली असते, मग तिथे जोड राहतो जो डोळ्यांना दिसत नाही पण पाण्याला दिसतो. छोट्या बाजूने चाला, वीस-पंचवीस मिनिटांत परत त्याच कडेला माल भिडला पाहिजे, आणि व्हायब्रेटरची सुई आधीच्या मालात थोडी शिरवून दोन्ही एक करा. व्हायब्रेटर दोन ठेवा. उन्हाळ्यात मोटर जळते आणि बरोबर तेव्हाच जळते जेव्हा माल उभा असतो. लाइट गेली तर जनरेटर, तोही आधी चालू करून पाहिलेला. गाडी येणारच नसेल आणि थांबावंच लागलं तर गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, मधल्या तिसऱ्या भागात उभी फळी लावून सरळ थांबा, बीमच्या तोंडाशी नाही, आणि तिथे लोह्याचं काय करायचं ते तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधीच फोनवर विचारून ठेवा.

फिनिशिंग. इथे माणसं उन्हाळ्यात सगळ्यात जास्त फसतात. थंडीत टाकलेल्या स्लॅबवर थोड्या वेळाने पाण्याचा चकाकता थर येतो, तो गेला की मिस्त्री रंधा मारतो, ही त्याच्या हाताची सवय आहे. मे महिन्यात तो थर दिसतच नाही, येतो तसा उडतो. मिस्त्रीला वाटतं माल तयार झाला, पण दुधावर साय धरते तशी फक्त वरची कातडी धरलेली असते, खाली माल हलतोय. त्यावर लोखंडी गुरमाळा दाबून फिरवला की साय बंद होते, खालचं पाणी तिच्याखाली अडकतं, आणि पुढे तिथेच पापुद्रे निघतात. म्हणून बोट दाबून पाहायचं. वरून कडक पण बोट पुढे गेल्यावर मऊ लागलं तर साय आहे, थांबा, आणि थांबताना उघडं ठेवू नका, पातळ प्लास्टिक अंथरा. पाय ठेवल्यावर ठसा पाव इंचाहून कमी उमटला की लाकडी रंधा मारायचा. स्लॅबला गुळगुळीत करायची गरजच नाही, त्यावर पुढे कोबा नाहीतर फरशी येणार आहे, खरखरीत राहिला तर पुढचा थर चांगला धरतो. आणि रंधा नीट फिरत नाही म्हणून ब्रशने पाणी शिंपडायचं नाही, मिस्त्री कितीही जुना असो, हे त्याला सुरुवातीलाच प्रेमाने सांगून ठेवा.

खाली पार्किंगची फरशीही नंतर उन्हातच करणार असाल तर तिथे ग्रूव्ह, म्हणजे कटरने कापलेल्या खाचा, लागतात. चार इंची फरशीला आठ ते दहा फुटांचे चौकोन, खोली जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे एक इंच. उन्हाळ्यात कटर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणून उपयोग नाही, तोवर फरशीने स्वतःच भेग पाडून घेतलेली असते. रात्री टाकलं तर सकाळी कड न तुटता कापता येते का ते एका कोपऱ्यात पाहायचं आणि ऊन चढायच्या आत कापून मोकळं व्हायचं.

आता तराई, म्हणजे टाकलेलं काँक्रीट पुढचे दिवस ओलं ठेवणं. रंधा झाला तो भाग पाठोपाठ जाड प्लास्टिकने झाकत जा, कडा विटांनी दाबा. सगळा स्लॅब संपायची वाट पाहू नका, शेवटची गाडी रिकामी होईस्तोवर पहिल्या भागाला तीन-साडेतीन तास झालेले असतात. सकाळी सहाला प्लास्टिक काढून ओली पोती, आणि मग दुबळ्या मसाल्याचे बांध घालून दोन इंच पाणी उभं करायचं. हिशोब करून ठेवा, १०२ चौरस मीटरवर दोन इंच म्हणजे साधारण ५००० लिटर, एक टँकर. त्यातून रोज एक सेंटीमीटर तरी हवेत जाणार, म्हणजे हजार लिटर रोजची भर, ती सकाळी लवकर नाहीतर सूर्य बुडाल्यावर घाला. भर दुपारी तापलेल्या कोरड्या स्लॅबवर बोअरचं गार पाणी एकदम सोडलं तर वरचा थर आकसतो आणि बारीक जाळी पडते. त्याहून वाईट म्हणजे दिवसातून दोनदा पाइप मारायचा आणि मधे वाळू द्यायचं. ओलं-कोरडं-ओलं याने स्लॅब थकतो. काँक्रीटचा मुख्य कोड आयएस ४५६ म्हणतो गरम कोरड्या हवेत तराई १० दिवसांहून कमी नको, आणि पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर १४ दिवस करा अशी त्याची शिफारस आहे. आपल्याकडे बहुतेक पीपीसीच असतं, म्हणून १४ धरा. कॉलमला पोती गुंडाळून सुतळीने बांधा, ती ओली ठेवा, स्लॅबवर सगळ्यांचं लक्ष असतं आणि घराचं वजन घेणारे कॉलम तसेच उघडे वाळतात.

ठेकेदार सातव्या-आठव्या दिवशी म्हणेल, साहेब इतक्या उन्हात कडक झाला, टेकूच्या बल्ल्या काढतो, दुसऱ्या साइटवर पाहिजेत. नाही म्हणा. गरमीत पहिले दिवस काँक्रीट झपाट्याने कडक होतं हे खरं आहे, पण घाईने वाढलेलं ते २८ दिवसांनी सावकाश वाढलेल्याच्या मागेच राहतं. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला कोडमध्ये ७ दिवस आहेत पण ते साध्या सिमेंटचे, त्याहून मोठ्या गाळ्याला आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमला १४, आणि पीपीसीवर मी सगळ्यालाच १४ च्या आत हात लावू देत नाही. ताकद तपासायला त्याच मालाचे क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे, भरायला सांगा, १७ घनमीटरला तीन सॅम्पल, प्रत्येकी तीन क्यूब, आणि पहिली रात्र त्यांना सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवा, पायऱ्यांवर उन्हात ठेवलेला क्यूब काहीच खरं सांगत नाही.

एक कळकळीची गोष्ट. सेंट्रिंग, लोहा, साफसफाई ही कामं दिवसाच होतात, आणि ती करणारी माणसं बालाघाट, छत्तीसगडहून आलेली असतात, बायाही असतात. एका साइटवर दुपारी दोनला घमेलं घेऊन चढणारी एक बाई माझ्या डोळ्यांसमोर पायरीवर बसली आणि बोलेनाशी झाली, घाम येणं बंद, अंग तव्यासारखं. ओली पोती अंगावर टाकून, पंख्याने वारा घालत दवाखान्यात नेलं म्हणून वाचली. घाम थांबला, माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर ते साधं चक्कर येणं नाही, त्याला लगेच ओलं करून हलवा. बारा ते चार काम बंद ठेवा, माठ, ताक, मीठ-साखरेचं पाणी साइटवर ठेवा आणि त्याचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून कापू नका.

सासऱ्यांचं म्हणणंही चूक नाही. मृगानंतर हवेत ओलावा येतो आणि अर्धी काळजी आपोआप जाते, पण पहिल्या पावसाचा भरवसा नसतो, ताज्या स्लॅबवर सरीने खड्डे पडतात, आणि सेंट्रिंगचं भाडं रोज चढतं. माझ्या हिशोबाने फैसला पाण्यावर करा. मंगळवारी संध्याकाळच्या आधी एक टँकर साइटवर उभा, दुसरा बुधवारी सकाळी नक्की, आणि पुढचे १४ दिवस रोज हजार लिटरची सोय असेल तर टाका. बोअर आटलेला आहे आणि टँकरवाला उद्या पाहू म्हणत असेल तर सेंट्रिंगचं भाडं भरा आणि थांबा.